लोडरआधी ट्रॅक्टरचं पुढचं तोंड बघ

बाळा, तू पाठवलेला लोडरचा फोटो पाहिला. पिवळा रंग झकास मारलाय. पण लोडर कसा आहे हे नंतर, तुझ्या दारातला ट्रॅक्टर तो पेलणार आहे का हे आधी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. माणूस घाटावरून स्वस्तात लोडर घेऊन येतो, मग तो बसवायला वेल्डिंगवाला शोधतो, आणि सहा महिन्यांत पुढचा ॲक्सल वाकला की ट्रॅक्टर बनवणाऱ्याच्या नावाने खडे फोडतो.

मुळात तुला हा हवाय कशाला? तबेल्यातलं शेण उकिरड्यावर ढकलायचं, ट्रॉलीत भरायचं, मुरबाडकडून आलेला पेंढा हलवायचा, कधी रेतीचा ढीग सारखा करायचा, एवढंच असेल तर घे. लोडर तुझा रोजचा गडी होईल. पण बांध फोडायचे, पाया खणायचा, ओढ्याचा गाळ उपसायचा असले बेत डोक्यात असतील तर सोड. ते जेसीबीचं काम. ते यंत्र पहिल्यापासून खणायला आणि उचलायलाच बांधलेलं असतं. आपला ट्रॅक्टर बांधलाय नांगर ओढायला, म्हणजे जोर सगळा मागच्या चाकांवर. त्याला आपण पुढून ओझं उचलायला लावतोय, हे लोडर बसवणाऱ्याने एक दिवसही विसरू नये. आणि महिन्यातून चार-पाच तासांचंच काम असेल, तर जेसीबी तासावर बोलाव आणि निवांत झोप.

आता कागद घे आणि थोडा हिशेब कर. तुझ्या ४५ हॉर्सपॉवरच्या जुन्या महिंद्रा ५७५ चं वजन १,८०० ते १,९०० किलो. रिकामा उभा असताना त्यातले सातशेच्या आसपास पुढच्या चाकांवर असतात, बाकीचे मागे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये जवळपास २ मीटर अंतर. भरलेली बकेट पुढच्या ॲक्सलच्याही पुढे दीड मीटरवर लोंबते असं धर. तिच्यात ४०० किलो माल घेतलास, तर पुढच्या ॲक्सलवर ४०० नाही, ७०० किलो वाढतात. वरचे ३०० आले कुठून? मागच्या चाकांवरून. तेवढी मागची चाकं हलकी झाली. लोडरचे हात, बकेट आणि फ्रेम यांचं वजन अजून यात धरलेलंच नाही. म्हणजे ज्या ॲक्सलवर कालपर्यंत सातशे किलो होते, त्याच्यावर आज दुपटीहून जास्त बसले, आणि ज्या चाकांना ब्रेक आहेत, जी चाकं ओढतात, तीच जमीन सोडायला लागली. लोडरमधून होणारी बहुतेक मोडतोड आणि उलथापालथ याच एका गोष्टीतून होते. वजन कुठून निघून कुठे जातंय, हे डोळ्यांसमोर ठेवलंस तर पुढचं सगळं आपोआप सुचेल.

मालाचंही बघून ठेव. पाव घनमीटरची बकेट म्हणजे सुमारे ९ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास भरायला अशा अकरा-बारा बकेटा लागतात. ओली रेती त्या एका बकेटमध्ये साडेचारशे ते पाचशे किलो भरते. ताजं शेण अडीचशेच्या आसपास. बकेट तीच, ओझं दुप्पट. म्हणून शेण उचलणारा लोडर रेतीवर नेलास की अर्धीच बकेट भरायची, मग बघणारे काही का म्हणेनात.

ट्रॅक्टर तपासायला पुढून जॅक लावून दोन्ही चाकं अधांतरी कर. पुढचा ॲक्सल मधोमध ज्या पिनवर डोलतो तिथे पहार घालून वर-खाली हलव. खाडखाड वाजलं तर पिन-बुश गेलेत, ते आधी बदल. मग चाक वर-खाली धरून हलव, त्यात किंगपिन आणि बेअरिंगचा खेळ कळतो. डाव्या-उजव्या बाजूने हलव, त्यात टाय रॉडचे सांधे. ॲक्सल लांब-आखूड करता येणारा असेल तर त्याची बोल्टची भोकं गोल आहेत की अंड्यासारखी झालीत ते बघ. पुढचे ६.००-१६ चे टायर जुने, भेगा पडलेले असतील तर जास्त प्लायचे नवीन घाल. रिम बदलायची तयारी असेल तर ७.५०-१६ बरे, चिखलातही कमी रुततात.

पॉवर स्टीअरिंग नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी ते बसव, नाहीतर लोडरचा नाद सोड. भरलेल्या बकेटसकट जागच्या जागी चाक वळवायचं म्हणजे दंडाचं काम, आणि दंड थकला की माणूस वळण घाईत घेतो. क्लचही बघून घे. नांगरणीत ट्रॅक्टर तासभर एका गिअरमध्ये चालतो. लोडरवर मिनिटाला दोनदा पुढे-मागे होतो.

आता तुझ्या त्या पिवळ्या लोडरकडे येऊ. म्हशाच्या जत्रेत पौष पौर्णिमेला बैल घेणारा आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो, झुलीकडे आणि शिंगांच्या रंगाकडे नंतर. लोडरचे दात म्हणजे त्याचे पिन-बुश. बकेट जमिनीपासून वीतभर उचलायला सांग, इंजिन बंद करायला सांग, आणि तिच्या कोपऱ्याखाली पहार घालून हलव. प्रत्येक सांध्यात थोडा खेळ असणारच, जुना माल आहे. पण बकेटचा कोपरा दोन-तीन बोटं वर-खाली होत असेल तर सगळी भोकं लेथवर नव्याने बोअर करून बुश ठोकावे लागतील. ते होतं, आपल्याकडे वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथला लेथचे गाळे आहेत, पिन ईएन-८ ची आणि बुश गनमेटलचे करून मिळतात. पिन कठीण, बुश मऊ, म्हणजे झिजायचं ते बुशाने झिजावं. पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून मग बोल.

ताज्या रंगावर संशय घे. खिशात एक खिळा ठेव आणि हाताच्या वाकणापाशी, म्हणजे जिथे लोडरचा हात गुडघ्यासारखा खाली वळतो तिथे, खरवडून बघ. तडा गेलेल्या जागी वर पत्रा ठेवून वेल्डिंग केलेलं असतं. एक थिगळ चालेल. थिगळावर थिगळ असेल तर मुकाट्याने चहा पिऊन परत ये. दोन्ही हात सारखे आहेत का हेही टेप लावून बघ: डाव्या वरच्या पिनपासून उजव्या खालच्या पिनपर्यंत, मग उजव्या वरच्यापासून डाव्या खालच्यापर्यंत. दोन मापांत बोटभर फरक असला तर तो लोडर कधीतरी एका कोपऱ्यावर आपटलाय आणि पिळला गेलाय. पिळलेला लोडर गॅस लावून सरळ करतो म्हणणाऱ्याला नमस्कार कर.

आपल्या भागाच्या दोन खास गोष्टी आहेत, त्या घाटावरच्या माणसाला सुचणार नाहीत. एक खाडी. मुंब्रा, दुर्गाडी, रेतीबंदर अशा ठिकाणी खाऱ्या रेतीवर चाललेला लोडर बाहेरून रंगवता येतो, आतून नाही. हाताचे चौकोनी खोके आतून गंजतात. हातोडीने सगळीकडे ठोकून बघ. चांगलं पोलाद टणटण वाजतं, गंजलेलं ढब्ब वाजतं. तळाच्या बाजूला तर नक्की ठोक, पाणी तिथेच साठतं. दुसरी गोष्ट पूर. २६ जुलै २००५ ला आणि २०१९ च्या जुलैत, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा, उल्हास नदीचं पाणी कुठे कुठे शिरलं होतं ते तुला मी सांगायला नको. पाण्यात उभं राहिलेलं यंत्र धुऊन-पुसून विकलं जातं. ऑइलच्या टाकीची खालची गुडदी सैल करून थोडं ऑइल काचेच्या ग्लासात काढ. दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय. मग पंप, व्हॉल्व्ह, जॅक सगळंच खोलावं लागेल असं समजून किंमत सांग.

जॅकचे रॉड आरशासारखे हवेत. क्रोम उडालेलं, खड्डे पडलेले असतील तर नवीन सील घालून उपयोग नाही, तो खड्डा प्रत्येक फेरीला सील खरवडतो. बकेट भरून कमरेइतकी उचल, इंजिन बंद कर आणि दहा मिनिटं लांब उभा राहून बघ. थोडी उतरली तर हरकत नाही. डोळ्यांदेखत खाली आली तर जॅकचं सील गेलंय किंवा व्हॉल्व्हचा स्पूल झिजलाय. विकणारा नेहमी सांगेल की फक्त सील किट टाकायचं. सील किट स्वस्त असतं, झिजलेला स्पूल बदलता येत नाही, अख्खा व्हॉल्व्हच घ्यावा लागतो. दोन्हींतलं काय आहे ते हायड्रॉलिकच्या माणसाकडून ठरवून घे, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नकोस.

जॅकच्या ताकदीचा एक हिशेब सांगतो. जॅकचा आतला व्यास ६० मिलिमीटर असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर. १५० बार दाबाला एक जॅक चार टनांहून जास्त ढकलतो, दोन मिळून आठ टन. जॅक हाताच्या मुळाशी बसतो म्हणून बकेटपर्यंत त्यातला थोडाच हिस्सा पोचतो, पण तोही तुझ्या पुढच्या ॲक्सलला पुरून उरतो. म्हणजे लोडर ट्रॅक्टरपेक्षा ताकदवान आहे. दोघांच्या मध्ये राखणदार एकच: रिलीफ व्हॉल्व्ह. त्याचा स्क्रू आवळून दाब वाढवायची सवय अनेक मिस्त्रींना असते, "बघा शेठ, आता कसं उचलतंय!" त्याला हात लावू देऊ नकोस. लाइनवर २५० बारचा प्रेशर गेज कायमचा बसवून घे आणि लोडर बनवणाऱ्याने जो दाब दिलाय तेवढाच ठेव. तो माहीत नसेल तर कमीवर लाव. बकेट उचलत नसेल तर माल कमी कर.

पंपाबद्दल मात्र नीट ऐक, कारण इथेच जास्त फसवाफसवी होते. ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या ऑइलवरच लोडर चालवून देतो, वेगळा पंप कशाला, असं कोणीतरी म्हणेल. तुझ्या शेजाऱ्याच्या मॅसी १०३५ सारख्या ट्रॅक्टरचा लिफ्टचा पंप गिअरबॉक्सच्या मागे, त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्याचा पुरवठा लोडरला तोकडा पडतो, आणि लोडरच्या जुन्या जॅकमधली घाण थेट गिअरांत जाते. वेगळा पंप, वेगळी टाकी, वेगळा फिल्टर, याला पर्याय नाही. दोन्ही जॅक पूर्ण उघडायला साधारण ४ लिटर ऑइल लागतं. पंप मिनिटाला ३० लिटरचा असेल तर हात आठ सेकंदांत वर जातो. एवढा वेग पुष्कळ झाला.

पंप बसवायच्या दोन जागा. मागे पीटीओवर, किंवा पुढे इंजिनच्या क्रँक पुलीवर. पीटीओवरचा बसवायला सोपा, पण जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला तू क्लच दाबलास की पीटीओही थांबतो. म्हणजे ढिगापाशी पोचून थांबायला क्लच दाबायचा, आणि नेमका तेव्हाच हात हलेनासा होतो. दिवसभरात माणूस वैतागतो. शिवाय मागची जागा अडते आणि तिथे काय लावायचंय ते पुढे सांगतो. म्हणून क्रँकवरचा पंप घे. त्याचा ब्रॅकेट एका रेषेत बसणं महत्त्वाचं. पुली आणि पंप यांच्यातली रबरी स्पायडर कपलिंग वारंवार फाटत असेल तर कपलिंग वाईट नसते, रेष चुकलेली असते. रेडिएटरच्या समोर जाळी लाव. पेंढ्याचा भुसा त्यात बसला की इंजिन तापतं आणि तू मग पंपाला दोष देत बसशील.

आता बसवणं. ट्रॅक्टरला चॅसिस नसते, हे लक्षात ठेव. पुढचा बोल्स्टर, इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स हे बिडाचे डबे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात, तीच त्याची पाठ. लोडरची फ्रेम फक्त पुढे इंजिनपाशी आवळून ठेवलीस तर सगळा जोर इंजिन आणि क्लच हाऊसिंगच्या सांध्यावर येतो आणि ट्रॅक्टर मधोमध उघडतो. म्हणून फ्रेमचे दोन्ही दांडे थेट मागच्या ॲक्सलपर्यंत गेले पाहिजेत आणि तिथे यू-बोल्टने बांधले पाहिजेत. ट्रॅक्टरच्या बिडाला वेल्डिंगचा एक टाकाही मारू देऊ नकोस. बीड वेल्डिंगच्या शेजारीच तडकतं, आज नाही तर पुढच्या मोसमात. कंपनीने ठेवलेल्या भोकांतच बोल्ट घाल. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ चा आकडा कोरलेला बघ. कोऱ्या डोक्याचे बोल्ट गेटाला लावायचे, लोडरला नाही. फ्रेमवर वेल्डिंग चालू असेल तेव्हा बॅटरीची वायर काढून ठेव. आणि वेल्डिंग तू स्वतः समोर उभा राहून करून घे, "उद्या घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे सोडून येऊ नकोस.

मागची जागा मोकळी ठेव म्हटलं ते वजनासाठी. बरेच जण मागच्या टायरांत पाणी भरून मोकळे होतात. पाणी चांगलंच, व्हॉल्व्ह वर ठेवून तिथपर्यंत भरलं की १३.६-२८ च्या एका टायरात दीडशे लिटरच्या वर बसतं. पण ते वजन मागच्या ॲक्सलवरच असतं. मागची चाकं जमिनीवर राहतील, पुढच्या ॲक्सलचं ओझं एक किलोनेही कमी होणार नाही. ते कमी करायचं तर वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगायला हवं. लिफ्टच्या दांड्यांवर, ॲक्सलपासून मीटरभर मागे, ३०० किलो लावलेस तर मागच्या ॲक्सलवर ४५० होतात आणि पुढचे १५० उतरतात. हे करायला काही मोठा खर्च नाही. एमआयडीसीत २०० लिटरची पिंपं विकत मिळतात. काय भरलेलं होतं ते विचारून, स्वच्छ धुतलेलंच घे. खालच्या बाजूला २८ मिलिमीटरची आडवी पिन आरपार घालून सव्वाशे लिटर काँक्रीट ओत. तीनशे किलो झाले. वर टॉप लिंकसाठी एक पट्टी काँक्रीटमध्येच रोवून ठेव. हे पिंप नसेल तर बकेट भरायची नाही, असा घरात नियमच कर. गडी बदलला तरी नियम तोच.

आपल्याकडे भातशेती आहे, म्हणून लोडर असा बसव की तासाभरात उतरवता येईल. चिखलणीला केजव्हील लावून खाचरात उतरायचं आणि पुढे लोडर लोंबता ठेवायचा, म्हणजे ट्रॅक्टर नाकावर रुतणार. फ्रेम ट्रॅक्टरवर राहू दे, हात आणि बकेट मात्र पिना काढून सुटले पाहिजेत. उतरवताना कडक जमिनीवर पायांवर उभा कर, इंजिन बंद केल्यावर दोन्ही लिव्हर पुढे-मागे हलवून दाब सोड, मगच होज काढ, आणि कपलिंगच्या तोंडांवर टोप्या घाल. टोपी हरवली तर प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने बांध, पण उघडं तोंड आपल्या पावसात चार महिने ठेवू नकोस.

होजला बारीक भोक पडलं आणि ऑइलची फवार उडत असेल तर हात फिरवून जागा शोधायची नाही. दीडशे बारची ती सुई कातडीतून आत शिरते, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आतून हात सडतो. असं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या हॉस्पिटलात ने. भोक शोधायचं तर पुठ्ठा धर. उचललेल्या बकेटखाली कोणी जायचं नाही, ग्रीसिंगलाही नाही. बकेटमध्ये माणूस चढवायचा नाही. गणपतीच्या मांडवाचे दिवे लावायला, आंबे उतरवायला, हंडी बांधायला पोरं हमखास येतील, मामा म्हणून माझं नाव सांग आणि हाकलून दे. भरलेली बकेट घेऊन चालताना ती गुडघ्याच्या वर न्यायची नाही. वर नेलेली बकेट आणि महावितरणच्या तारा यांची गाठ आपल्या गल्ल्यांत पडायला वेळ लागत नाही. उतारावर माल नेताना तोंड चढाकडेच ठेव.

कागदांचं थोडक्यात. नोंदणीपुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा वाहन बदललं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, म्हणून कल्याणच्या आरटीओत, आपल्या एमएच-०५ मध्ये, लोडरबद्दल आधी विचार आणि विमा कंपनीला लेखी कळव. दुसरं, लोडर आला की कोणीतरी म्हणेलच, चल, चार ब्रास मुरूम टाकून दे. माती, मुरूम, रेती हे गौण खनिज आहे. परवाना आणि रॉयल्टीची पावती नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली मालाच्या बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो, आणि तहसीलदाराचं पथक यंत्रच उचलून नेतं. सांगणारा बाजूला होतो, ट्रॅक्टर तुझ्या नावावर असतो.

घाई करू नकोस. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात आणि दिवाळीनंतर पेटतात. श्रावण-भाद्रपदात लोडर भट्टीवाल्याच्या दारात ताडपत्रीखाली पडून असतो आणि मालकाचा हात सैल असतो. दिवाळी झाली की तोच माणूस भाव खातो. बयाणा देताना पावतीवर लिहून घे की बकेट भरून उचलून दाखवायची. लोडर घाटावरून आणायचा ठरला तर टेम्पोतून आण, ट्रॅक्टरला लावून माळशेज उतरवू नकोस. लोडरला जेवढे मोजशील त्याच्या निम्मे पंप, होज, फ्रेम, बुश यांना बाजूला ठेव. बसवल्यावर पहिले दोन दिवस फक्त शेण उचल, रोज संध्याकाळी सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळ, आणि तिसऱ्या दिवशी फिल्टर खोलून त्यात लोखंडाचा चुरा आलाय का ते मला कळव.